साच्याचा सदरा

मित्रांनो, मी केकचा साचा आहे. जुना आहे आणि रिकामा आहे. यातलं जुनेपण मला सोसतं, रिकामपण सोसत नाही. भट्टीतून बाहेर येताना माझ्या पोटात फुगून बसलेला तो गरम, तपकिरी, अक्रोडाच्या वासाचा केक मला अजून आठवतो. आठवला की माझा पत्रा उन्हातही गार पडतो. तुम्ही म्हणाल, पत्र्याला कसल्या आल्यात आठवणी! पण ज्याच्या पोटात वर्षानुवर्षं सणाचं गोडधोड शिजलं, त्याला आठवणी नसतील तर कुणाला असणार?

माझा जन्म गव्हाच्या मुलखातल्या सोंबोर गावातला. लायोश नावाचा एक पत्रेवाला होता. तो दुधाच्या किटल्या करायचा आणि करताना शिट्टी वाजवायचा. किटल्यांतून उरलेल्या कल्हईच्या पत्र्यातून त्यानं मला घडवलं, पेर्सिदा नावाच्या एका कडक बाईच्या सांगण्यावरून. या बाईला काहीच पसंत पडत नसे. लायोशनं माझा तळ आणि काठ एकमेकांत दुमडून अशी घट्ट शिवण घातली की तिनं पाणी भरून, उलटा करून, उन्हात धरून पाहिलं, तरी तिला नाव ठेवायला जागा सापडली नाही. "बरा आहे," ती म्हणाली. तिच्या तोंडून 'बरा' निघणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून आशीर्वाद निघण्यासारखं होतं. ते ऐकून लायोशची शिट्टी आणखी वर चढली.

आमच्याकडे प्रत्येक घराचा एक संत असतो, आणि त्याच्या दिवसाला स्लावा म्हणतात. पेर्सिदाच्या घराचा संत योवान. त्याचा दिवस जानेवारीच्या कडाक्यात येतो. स्लावाला कुणाला बोलवायचं नसतं. ज्याला यायचं तो येतो, आणि जो येत नाही त्याच्या नावानं वर्षभर बोटं मोडली जातात. पाहुण्यानं दारात पाय ठेवला की आधी त्याच्यापुढं शिजवलेल्या गोड गव्हाचं तबक धरायचं. त्यानं छातीवर क्रॉसची खूण करून चमचाभर गहू तोंडात टाकायचा, मग घरात यायचं. पुढं ब्रांडी, सूप, भाजलेलं मांस, गप्पा, भांडणं, समेट. आणि सगळ्यांच्या शेवटी तोर्ता, म्हणजे थरांचा केक. पाहुणे मांस विसरतात, भांडण विसरतात, तोर्ता विसरत नाहीत.

या घरचा तोर्ता होता चॉकलेटचा. अक्रोड बारीक दळायचे, अंड्यांचा पांढरा भाग साखर घालून डोंगरासारखा उभा राहीपर्यंत फेटायचा, दोन्ही हलक्या हातानं एकत्र करायचं आणि थर भाजायचे. सगळे थर माझ्यातच, एकामागून एक. थरांमधल्या साईला, म्हणजे क्रीमला, पिवळे बलक, लोणी आणि काळं कडू चॉकलेट. पिठाचा कण नाही. त्या गव्हाच्या मुलखात, जिथं खिडकी उघडली की शेतच दिसतं, तिथं पिठाशिवायचा केक करणं म्हणजे श्रीमंती होती. पेर्सिदा प्रत्येक पाहुण्याला ऐकवायची, "पीठ गरीब घालतात. आमच्या तोर्त्यात अक्रोड असतो."

पण मित्रांनो, एक गोष्ट होती. प्रत्येक थर ओतण्याआधी माझ्या अंगाला डुकराची चरबी फासली जाई, आणि तिच्यावर चिमूटभर गव्हाचं पीठ भुरभुरलं जाई. मला गोल गोल फिरवत, थापट्या देत ते सगळीकडं पसरवायचं आणि उरलेलं झटकून टाकायचं. म्हणजे केक चिकटत नाही. या घरात त्याला पीठ लावणं म्हणत नसत. त्याला म्हणत सदरा. पेर्सिदाची सून देसांका नवी नवरी म्हणून आली तेव्हा सासूनं तिला पहिला धडा दिला तो हाच.

"साच्याला सदरा घाल, पोरी. उघडा साचा केक सोडत नाही."

देसांकानं घातला. पुढं कितीतरी वर्षं घालत राहिली. पेर्सिदा गेली, देसांकाचे केस पांढरे झाले, तिचा मुलगा वेलिबोर मोठा झाला, त्याचं लग्न झालं, आणि तिची बोटं आपोआप पिठाच्या बरणीकडं जात राहिली. पीठ म्हणजे ज्याचा पाव होतो ते. सदरा म्हणजे सदरा. त्या घरात या दोन गोष्टींची कधी गाठच पडली नव्हती.

ते दिवस माझ्या सुखाचे होते. स्लावाच्या आदल्या दिवशी मला कपाटातून काढायचे तेव्हा सगळ्या भांड्यांना माझा हेवा वाटायचा. परात काय, रोजच बाहेर! मी वर्षातून मोजक्या वेळा बाहेर यायचो, पण यायचो तेव्हा घर माझ्याभोवती फिरायचं. देसांका मला दोन्ही हातांनी धरून भट्टीत सरकवायची आणि दार लावताना पुटपुटायची, "आता तुझ्यावर आहे हं." तिच्या त्या चार शब्दांसाठी मी कितीही तापलो असतो.

मग दुन्या जन्मली. वेलिबोर आणि त्याची बायको यासना यांची एकुलती एक मुलगी. ती चालायला लागली तशी स्वयंपाकघरात यायला लागली, आणि बोलायला लागली तशी प्रश्न विचारायला लागली. चॉकलेटच्या पातेल्यात बोट घालायचा मान तिचाच. देसांका ओरडायची ती नुसती ओरडायचं म्हणून. जरा मोठी झाल्यावर स्लावाला दारात गव्हाचं तबक घेऊन उभं राहायचं काम तिला मिळालं. थंडीनं लाल झालेला नाकाचा शेंडा, डोक्याला फीत, आणि प्रत्येक पाहुण्याला एकच दटावणी, "चमचा उष्टा तबकात ठेवू नका, पाण्याच्या ग्लासात टाका."

पण पोर वाढेना. हातपाय काड्या आणि पोट मात्र टुमटुमीत. शेजारच्या रादोय्काच्या जिभेला हाड नव्हतंच. ती कुंपणावरून म्हणायची, "देसा, पोरीला जेवायला घालता की नुसता जेवणाचा वास देता?" देसांका त्यावर पोरीच्या ताटात पावाची आणखी एक जाड फोड ठेवायची. जितका पाव जास्त, तितकं पोट दुखणं जास्त. शेवटी यासनानं तिला मोठ्या शहरात दवाखान्यात नेलं. तिथं रक्त तपासलं, आतड्याचा बारीकसा तुकडा तपासला आणि निदान झालं. गहू चालणार नाही. राय हे धान्य नाही, बार्लीही नाही. कणभरसुद्धा नाही.

यासनानं हे सांगितलं तेव्हा देसांका पावाची कणीक मळत होती. तिनं हात थांबवले.

"किती दिवस?"

"कायमचं, आई."

"कायमचं म्हणजे किती दिवस?"

"कायमचं म्हणजे कायमचं."

देसांकानं कणकेचा गोळा बाजूला सारला. मग म्हणाली, "आणि स्लावाचा गहू? तो संताचा असतो. संताचा गहू कुणाला बाधतो का?"

"पोटाला संत कळत नाही, आई."

देसांकाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तेवढ्यात तिचा चेहरा एकदम उजळला, आणि मित्रांनो, तो का उजळला ते मला तिच्या आधी कळलं. "तोर्ता!" ती ओरडली. "आपल्या तोर्त्यात पीठ नसतंच! अगं, पोरगी सणाचं गोड खाणार! सगळ्यांबरोबर बसून, सगळ्यांच्या ताटातलं!"

"नक्की ना आई? एक कणही नाही?"

देसांकानं कणकेच्याच हातानं क्रॉस केला. "कण असला तर हे हात झडून पडोत."

त्या वर्षी स्लावाच्या आदल्या दिवशी तिनं स्वयंपाकघर असं घासलं की भिंतीही दचकल्या. पाव दुसऱ्या खोलीत हलवला. लाकडी चमचा नवा, चाळणी नवी, ॲप्रन उकळून धुतलेला. अक्रोड तिनं घरीच फोडले आणि घरीच दळले, बाहेरचं काही नको म्हणून. कोपरापर्यंत हात धुऊन तिनं मला पुढ्यात घेतलं, चरबी फासली. आणि मग तिचा हात नेहमीसारखा बरणीकडं गेला.

मी पाहत होतो. मला तोंड केवढं मोठं आहे ते तुम्ही पाहताच आहात, पण त्यात जीभ नाही. तिनं सदरा घातला, थापट्या दिल्या, उरलासुरला झटकला आणि म्हणाली, "आता तुझ्यावर आहे हं."

दुसऱ्या दिवशी दुन्या दिवसभर दारात तबक धरून उभी होती. सगळ्यांनी गहू खाल्ला, तिनं नाही. शेवटी तोर्ता आला तेव्हा पहिली फोड तिच्या ताटात पडली. तिनं डोळे मिटून ती खाल्ली आणि ओठांवरची साय जिभेनं पुसत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आज मी पण पाहुणी!" सगळे हसले. देसांका तर हसता हसता रडली.

पहाटेपासून पोरीला उलट्या. पोट फुगलं, तोंड आलं, पुढचे कितीतरी दिवस ती भिंतीकडं तोंड करून पडून होती. घरात शोध सुरू झाला. काय खाल्लं? कुठं खाल्लं? यासनानं सुपाची, मांसाची, मिठाची विचारपूस केली. तोर्त्याची केली तेव्हा देसांकानं पुन्हा क्रॉस केला, आणि ती बाई खोटं बोलत नव्हती. मग उरलं काय? उरलं ते गव्हाचं तबक.

"दुन्या, चमचा चाटलास ना?" देसांकानं मायेनंच विचारलं.

"नाही."

"एखादा दाणा? संतापुढं खोटं बोलू नये, बाळ."

"नाही म्हटलं ना!"

वसंतात वेलिबोरचा वाढदिवस आला. देसांकानं हौसेनं पुन्हा तोर्ता केला. पुन्हा मी, पुन्हा सदरा, पुन्हा पोर आजारी. या वेळी दारात तबक नव्हतं, पण टेबलावर पावाची टोपली होती. आठवड्यानं पाहुणे तब्येतीची चौकशी करायला आले, तेव्हा देसांकाचा तोल सुटला. भीतीनं माणूस रागावतं, तशी ती रागावली. भरल्या घरात म्हणाली, "दुखणार नाही तर काय! चोरून पाव खाते. घरातच चोर असला तर कुलूप कुणाला लावायचं?"

दुन्याचा चेहरा पांढरा पडला. "मी चोर नाही," ती म्हणाली. "तुझा केक खोटारडा आहे."

त्या दिवसापासून ती स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडेना. पाणी हवं असलं तरी आईला हाक मारायची. चॉकलेटच्या पातेल्यात बोट घालायला कुणी उरलं नाही. देसांका पातेलं धुऊन टाकताना क्षणभर थांबायची, दाराकडं बघायची आणि मग नळ सोडायची. मित्रांनो, मला तुमच्यासारखं बोलता येत असतं तर मी फक्त एकच शब्द बोललो असतो, आणि तो शब्द 'सदरा' नसता.

वर्ष फिरलं. पुन्हा जानेवारी आला. दुन्यानं आईला सांगून टाकलं, "स्लावाला मी मावशीकडं जाणार. तिथं मला कुणी काही म्हणत नाही." घरची लेक घरच्या स्लावाला घरात नाही! देसांकानं हे भिंतीआडून ऐकलं. त्या दिवशी तिनं सुपात दोनदा मीठ टाकलं.

स्लावाच्या आदल्या दिवशी दुपारी रादोय्का अक्रोड फोडायला आली. दोघी टेबलाशी बसल्या, मी त्यांच्या मध्ये. कवचांचा ढीग वाढत होता आणि रादोय्काची टकळी चालू होती.

"देसा, आयुष्य गेलं तुझ्या शेजारात. एकदा तरी खरं सांग. माझा केक साच्यातून काढला की निम्मा आतच राहतो. उरलेल्याला मी पाहुण्यांपुढं डोंगर म्हणून खपवते. तुझा मात्र घसरगुंडीवरून उतरल्यासारखा येतो. करतेस काय? मरताना तरी सांगशील की नाही?"

"मरायला कोण बसलंय? तू जा आधी."

"मी गेले तर तुझ्या केकला नावं कोण ठेवणार?"

देसांकाला हसू आलं. कित्येक दिवसांनी आलं. हातातला अक्रोड ठेवून ती म्हणाली, "त्यात काय आहे? चरबी फासायची आणि सदरा घालायचा."

"कुणाचा? वेलिबोरचा?"

"अगं साच्याचा! आमच्या सासूबाई म्हणायच्या तसं. चिमूटभर पीठ घ्यायचं, आणि असं गोल…"

तिचा हात हवेत गोल फिरत होता. तो तसाच थांबला.

"हात्तिच्या, पीठ होय!" रादोय्का म्हणाली. "आणि मला वाटलं, काय मोठी जादू आहे." मग तिचं लक्ष देसांकाच्या चेहऱ्याकडं गेलं. "देसा? अगं, काय झालं?"

"मी पीठ म्हणाले?"

"म्हणालीस की."

"सदरा म्हणाले ना मी?"

"आधी सदरा म्हणालीस, मग पीठ म्हणालीस. दोन्ही म्हणालीस. पाणी देऊ का?"

देसांकानं पाणी नको म्हटलं. तिनं मला उचललं, खिडकीशी नेलं आणि नखानं माझ्या शिवणीत खरवडलं. नखाखाली करडा, चिकट कण आला. तिनं आणखी खरवडलं, आणखी आला. तिच्या सासूच्या हातचं पीठ, तिच्या स्वतःच्या तारुण्यातलं पीठ, गेल्या वसंतातलं पीठ, सगळं तिथं चरबीत मुरून बसलं होतं. ज्या शिवणीत पेर्सिदालाही खोट सापडली नव्हती, त्या शिवणीनं कणही सोडला नव्हता. देसांकानं मला सोड्यात उकळलं, तारेनं घासलं, राखेनं घासलं. मला वाटत होतं, घास, अजून घास, एवढ्यानं तरी मी तुझा राहीन. पण प्रत्येक वेळी नखाला काहीतरी लागतच होतं.

"क्रॉसची शपथ घेतली मी, रादोय्का," ती म्हणाली. "आणि लेकराला चोर म्हणाले."

एरवी जिच्या तोंडाला खीळ नसायची त्या रादोय्कानं हातातला अक्रोड न फोडताच खाली ठेवला. तिनं देसांकाच्या पाठीवरून हात फिरवला आणि उठून आपल्या घरी गेली.

देसांकानं दाराशी जाऊन हाक मारली. दुन्या आली, पण उंबऱ्याच्या पलीकडं थांबली. बाहेर जायचा कोट तिनं अंगात घातलाच होता.

"आत ये."

"का?"

"माफी मागायची आहे. उंबऱ्यावरून मागू नये, अशुभ असतं."

दुन्यानं जरा विचार केला आणि एक पाऊल आत टाकलं. एकच.

देसांकानं तिला माझी शिवण दाखवली, नखाखालचा कण दाखवला. "तू खरं बोलत होतीस. केक खोटारडा निघाला. केक तरी कुठला, मीच. सदरा पिठाचा असतो हे मला आयुष्यभर माहीत होतं, आणि तरी माहीत नव्हतं. कसं सांगू तुला?"

"म्हणजे मी चोर नाही?"

"नाही गं माझी बाय."

"मग सगळ्यांसमोर सांग." दुन्या मागं हटली नाही. "चोर सगळ्यांसमोर म्हणालीस. आता हेही सगळ्यांसमोर सांग. उद्या."

मित्रांनो, आमच्याकडं बाईची अब्रू तिच्या स्लावाच्या टेबलावर असते. त्या दिवशी पाहुण्यांदेखत उभं राहून सांगायचं की माझ्या हातच्या केकनं माझी नात आजारी पडली? तिनं ॲप्रनला हात पुसले. पुसून झाल्यावर पुन्हा पुसले.

"नाहीतर मी मावशीकडं जाते," दुन्या म्हणाली आणि कोटाचं वरचं बटण लावू लागली.

"काढ तो कोट," देसांका म्हणाली. "सांगते. घंटा बडवून सांगते."

संध्याकाळी यासना कामावरून आली. सगळं ऐकून ती खुर्चीत बसली. तिनं सासूला एका शब्दानं दुखवलं नाही. फक्त मला हातात घेऊन म्हणाली, "आई, हा आता वापरायचा नाही. घासून जाणारं नाही हे."

"सासूबाईंचा आहे गं."

"म्हणून तर टाकायचा नाही. पण वापरायचाही नाही."

दुकान बंद व्हायच्या आत वेलिबोर जाऊन नवा साचा घेऊन आला. सपाट, अखंड, शिवण नसलेला, आरशासारखा. मला या खिळ्यावर टांगलं गेलं. इथून मी सगळं पाहिलं. पिठाची बरणी घराबाहेर गेली. ओटा पुन्हा धुतला, चाळणी पुन्हा नवी आली. त्या नवख्याला चरबी फासली गेली. देसांकाचा हात सवयीनं फळीकडं गेला, तिथं बरणी नव्हती, आणि तो हात तिथंच घुटमळला.

"आजी," दुन्या म्हणाली. ती आता टेबलाशी उभी होती, चॉकलेटच्या पातेल्यापासून फार लांब नव्हे. "सदरा तपकिरी घाल ना. कोकोचा."

देसांकानं तिच्याकडं पाहिलं. यासनानं कोकोच्या डब्यावरचा मजकूर शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून मान हलवली. मग दुन्यानं स्वतः चिमूटभर कोको घेतला आणि गोल गोल फिरवत, थापट्या देत, त्या नव्या साच्याला सदरा घातला. तेच फिरवणं, त्याच थापट्या. फक्त अंग माझं नव्हतं. भट्टीचं दार लागताना देसांका पुटपुटली, "आता तुझ्यावर आहे हं." मला हे सांगताना लाज वाटत नाही, मित्रांनो, की त्या क्षणी तो केक करपावा असं मला वाटलं. एकच क्षण वाटलं. मग पातेल्यात दुन्याचं बोट दिसलं आणि तो विचार आपोआप मावळला.

दुसऱ्या दिवशी घर भरलं. या वर्षी तबक घेऊन दारात वेलिबोर उभा होता आणि पाहुणे त्याची थट्टा करत होते, "फीत कुठाय रे?" शेवटी तोर्ता आला. देसांका उभी राहिली. तिनं मागचं सगळं सांगितलं. सदरा, शपथ, पावाची टोपली, काही म्हणून वगळलं नाही. मग दुन्याकडं वळून म्हणाली, "या घरात चोर नव्हता. मी माझ्या नातीला चोर म्हणाले, ते सगळ्यांनी ऐकलं. आता हेही ऐका. चूक माझी होती."

मग रादोय्काचा आवाज आला, "देसांकानं चूक कबूल केली! मी साक्षीला आहे, पाद्रीबाबांना बोलवा, नव्या संताचा दिवस धरा!" आणि सगळं घर हसलं, देसांकासकट.

दुन्या मात्र हसली नाही. तिच्यापुढं तोर्त्याची फोड होती आणि ती तिच्याकडं बघत बसली होती. दोनदा फसलेलं पोट होतं ते. देसांकानं काही आग्रह केला नाही, शपथही घेतली नाही. ती नुसती शेजारी जाऊन बसली. यासनानं डोळे मिटून घेतले. मग दुन्यानं एक लहानसा तुकडा तोडला, तोंडात टाकला आणि हळूहळू चावला. मग दुसरा. मग सगळी फोड.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या घराचे कान तिच्या खोलीकडं लागले होते. दार उघडलं. ती अनवाणी स्वयंपाकघरात आली, उंबऱ्यावर न थांबता सरळ आत आली आणि म्हणाली, "उरलाय का?" देसांकानं तिला घट्ट धरलं, इतकं घट्ट की पोर ओरडली.

त्यालाही आता काही वर्षं झाली. दुन्या उंच झालीय, आईच्या खांद्याला लागते. देसांका थकलीय, विसरायला लागलीय. दर जानेवारीत भट्टी पेटली की तिची ऊब या भिंतीवर चढत माझ्यापर्यंत येते. माझ्या शिवणीतली जुनी चरबी जराशी सैल होते, आणि मला वाटतं, आता कुणीतरी मला खाली घेईल.

या वर्षी घेतलंही. घरात दोघीच होत्या. देसांका गुणगुणत आली, तिनं खुर्चीवर चढून मला काढलं, पोटाशी धरलं. तिचे ते खरखरीत, ओळखीचे हात! चरबीचा गोळा तिनं बोटावर घेतलासुद्धा. माझा सगळा पत्रा आतून थरथरला. घे मला, मनात म्हणालो मी, एकदाच. मी सगळं विसरलो होतो, तिच्यासारखाच.

दुन्यानं वळून पाहिलं. ती ओरडली नाही. जवळ येऊन तिनं मला अलगद आजीच्या हातांतून सोडवलं. "आजी, हा नाही."

"का गं? आपलाच तर आहे."

"आपलाच आहे," दुन्या म्हणाली. तिनं फडक्यानं मला पुसलं, माझ्या काठावरून एकदा बोट फिरवलं, मला परत वर टांगलं आणि साबणानं हात धुतले. मग आजीचे चरबीचे हातही धुऊन तिनं नवा साचा तिच्या हातात दिला.

मित्रांनो, मला अजूनही भट्टीत जायचंय. खोटं कशाला बोलू? पण माझी दया येऊन तुम्ही मला कधी खाली काढू नका. जुन्या वस्तूंवर प्रेम करा, त्यांची धूळ पुसा, आल्यागेल्याला त्यांच्या गोष्टी सांगा. फक्त त्यांच्या प्रेमापायी कुणाच्या पानात दुखणं वाढू नका. आणि एवढं एक लक्षात ठेवा. घरातलं लेकरू म्हणालं, पोटात दुखतंय, तर आधी भांडं तपासा. लेकराला मागून तपासा.